प्लगइन का बसत नाही: मॅकवरचे काही हट्टी गैरसमज

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या छपाईच्या धंद्यात रात्रीचा दिवस होतो. 2015 नंतरचा सिंहस्थ 2026-27 मध्ये भरतो आहे. फलक, घाटांचे नकाशे, माहितीपुस्तिका, संस्थांची आमंत्रणे हे सगळे कोणत्या ना कोणत्या डिझायनरच्या पडद्यावरून जाणार. येवल्याच्या पैठणीचे कॅटलॉग आणि द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबले ही नेहमीची कामे आहेतच. अशा गर्दीत क्यूआर कोड बनवणारे किंवा कटिंगची रेघ आखणारे एखादे प्लगइन मॅकवर बसायला नकार देते आणि सल्ले सुरू होतात. शेजारचा सांगतो, सुरक्षा बंद करून टाक. व्हॉट्सॲपवर कोणी टर्मिनलची आज्ञा धाडतो. दुरुस्तीवाला थेट फॉरमॅट सुचवतो.

सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्या उपायाने कधीतरी त्याचे काम झालेलेही असते. पण कारण न शोधता केलेला उपाय दुसऱ्या वेळी हमखास फसतो आणि छपाईची तारीख हातची जाते. प्लगइन न बसण्याची कारणे फार नाहीत. ती बहुतेक वेळा चार गोष्टींत सापडतात: बनवणाऱ्याची सही, फाइल ठेवण्याची जागा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मॅकची चिप. यांतले नेमके कोणते, याची खूण मॅक बहुधा देतो. पुढचे गैरसमज ती खूण दिसू देत नाहीत.

गैरसमज: ‘डॅमेज्ड आहे, ट्रॅशमध्ये टाका’ असा संदेश आला, म्हणजे डाउनलोड अर्धवट झाले.

या समजात वापरणाऱ्याचा दोष नाही; संदेशाचे शब्दच तसे आहेत. ‘डॅमेज्ड’ वाचले की कोणीही फाइल पुन्हा उतरवून घेईल आणि पुन्हा तोच संदेश दिसला की वाय-फायला बोल लावील. खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. ब्राउझर, मेल किंवा एअरड्रॉपमधून आलेल्या फाइलला मॅक एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतो: ही बाहेरून आली आहे. या चिठ्ठीला क्वारंटाइन म्हणतात. फाइल पहिल्यांदा उघडताना गेटकीपर नावाची यंत्रणा ती चिठ्ठी पाहून बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासते. हा पहारा 2012 मध्ये आला आणि 2019 च्या मॅकओएस कॅटालिनापासून कडक झाला. तेव्हापासून नुसती सही पुरत नाही; प्लगइन आधी ॲपलकडे तपासणीला पाठवून नोटरायझेशन करून घ्यावे लागते. सही चुकीची असेल, किंवा सही झाल्यानंतर आतली एखादी फाइल बदलली असेल, तर फाइल पूर्ण उतरलेली असूनही ती ‘डॅमेज्ड’ ठरते. एम मालिकेच्या चिपवर तर त्या चिपसाठी बनवलेला, पण अजिबात सही नसलेला कोड चालूच दिला जात नाही.

याचा अर्थ असे प्लगइन लबाडच असते, असाही नाही. अनेक उपयोगी प्लगइन एकेकटी माणसे फावल्या वेळात बनवतात आणि ॲपलच्या डेव्हलपर कार्यक्रमाचे वर्षाचे 99 डॉलर भरत नाहीत. म्हणून आधी दोन शक्यता वेगळ्या कराव्यात. फाइल निवडून ‘गेट इन्फो’मध्ये तिचा आकार पाहावा आणि बनवणाऱ्याने दिलेल्या आकाराशी ताडून घ्यावा. आकार जुळला, दुसऱ्या ब्राउझरनेही तेवढीच फाइल आली आणि तरी संदेश तोच, तर इंटरनेट निर्दोष आहे. तेव्हा बनवणाऱ्याकडे सही केलेली नवी प्रत मागावी. तीच फाइल चौथ्यांदा उतरवून काही हाती लागणार नाही.

गैरसमज: राइट-क्लिक करून ‘ओपन’ म्हटले की काहीही उघडते.

उघडत असे. कितीतरी वर्षे ही युक्ती खरी होती, म्हणून ती अजून सांगितली जाते. 2024 च्या सिक्वोयामध्ये ॲपलने ती वाट बंद केली. आता फाइल एकदा उघडून पाहायची, नकार आला की सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागात खाली उतरायचे आणि ‘ओपन एनीवे’ दाबायचे. हे बटण नकारानंतर साधारण तासभरच तिथे राहते. संध्याकाळी नकार आला आणि सकाळी सेटिंग्ज उघडली, तर बटण दिसत नाही आणि ‘माझ्या मॅकमध्ये हा पर्यायच नाही’ असा आणखी एक गैरसमज जन्माला येतो.

गैरसमज: गेटकीपर कायमचा बंद केला की कटकट मिटते, मॅकला व्हायरस लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. विंडोजच्या तुलनेत मॅकवर व्हायरस कमी दिसले, हे खरे. आणि पहारा उठवला की अडलेले प्लगइन उघडते, हेही खरे. अशा दोन खऱ्या गोष्टी जोडून चुकीचा निष्कर्ष काढला जातो. पहारा एका प्लगइनसाठी उठत नाही, त्या मॅकवर पुढे येणाऱ्या प्रत्येक फाइलसाठी उठतो. काम झाल्यावर तो परत बसवायची आठवण तर क्वचितच राहते.

डिझायनर मंडळींसाठी यातले जुने उदाहरण अगदी घरचे आहे. जानेवारी 2009 मध्ये फोटोशॉप सीएस 4 च्या चोरट्या मॅक-प्रतींबरोबर फिरणाऱ्या ‘क्रॅक’मध्ये ट्रोजन सापडला. क्रॅक चालवताना तो ॲडमिनचा पासवर्ड मागे आणि वापरणारा स्वतःच्या हाताने तो देई. 2023 मध्ये पसरलेला ॲटॉमिक स्टीलरही नकली आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या मिषाने शिरे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेई. ज्या स्टुडिओच्या मॅकवर ग्राहकांच्या पत्रिका, लोगो, बँकेचे लॉगिन आणि जीएसटीची कागदपत्रे एकत्र असतात, तिथे हा धोका एका प्लगइनसाठी घेण्यासारखा मुळीच नाही. स्रोत खात्रीचा असेल तर त्या एका फाइलपुरती परवानगी द्यावी. सिक्वोयापासून पहारा उठवणारी टर्मिनलची आज्ञा एकटी पुरतही नाही; सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा दुजोरा द्यावा लागतो.

गैरसमज: ‘इन्स्टॉलेशन सक्सेसफुल’ असा हिरवा टिक आला, म्हणजे प्लगइन बसले.

इन्स्टॉलर एवढेच सांगतो की, नेमून दिलेल्या फाइली नेमून दिलेल्या जागी ठेवल्या. त्या जागेकडे फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटर पाहणार की नाही, हे त्याला ठाऊक नसते. हिरवा टिक दिसला आणि मेनूत प्लगइन नाही, म्हटल्यावर माणूस प्लगइनलाच खोटे ठरवतो. ते स्वाभाविक आहे, पण शोध तिथे थांबवू नये.

मॅकमध्ये ‘लायब्ररी’ नावाचे फोल्डर एकाहून अधिक असतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. एक डिस्कच्या मुळाशी, सगळ्या वापरकर्त्यांसाठी. दुसरा प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये, आणि तो 2011 च्या लायनपासून लपवलेला आहे. तो पाहायचा तर फाइंडरचा ‘गो’ मेनू उघडून ऑप्शनची कळ दाबून धरावी; एरवी यादीत नसलेले ‘लायब्ररी’ हे नाव त्या क्षणी उमटते, कळ सोडली की जाते. आत ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ फोल्डर आहे. ॲडोबीची जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स त्यातल्या ‘ॲडोबी’, मग ‘सीईपी’, मग ‘एक्स्टेन्शन्स’ इथे राहतात. हीच वाट मुळाच्या लायब्ररीतही आहे, म्हणून दोन्ही ठिकाणी पाहावे. इलस्ट्रेटरची प्लगइन मात्र थेट ‘ॲप्लिकेशन्स’मधल्या इलस्ट्रेटरच्या फोल्डरमध्ये लागतात. इंटिरियरवाल्यांच्या स्केचअपचा फोल्डर होममधल्या लायब्ररीत असतो आणि त्याच्या नावात सालही असते.

इन्स्टॉलरने फाइली कुठे टाकल्या, हेही अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. इन्स्टॉलरची खिडकी उघडी असताना कमांड आणि एल दाबले की त्याची नोंदवही उघडते. तिच्यात जागा लिहिलेली असते आणि अडखळले असेल तर तेही. प्लगइनच्या कर्त्याला ‘चालत नाही’ असे कळवण्यापेक्षा या नोंदीतल्या चार ओळी धाडल्या तर उत्तर लवकर येते.

जागा बरोबर असूनही शोध चुकू शकतो, कारण फोटोशॉपमध्ये प्लगइन दिसण्याची मुख्य ठिकाणे तीन आहेत. फिल्टरच्या जातीची ‘फिल्टर’ मेनूत, 2020 च्या अखेरीस आलेल्या नव्या पद्धतीची ‘प्लगइन्स’ मेनूत आणि जुनी एक्स्टेन्शन्स ‘विंडो’ मेनूत. आणखी एक अडथळा 2022 च्या व्हेंचुरापासूनचा. एखादा इन्स्टॉलर दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात फाइल घालू लागला तर मॅक त्याला अडवतो आणि कोपऱ्यात एक छोटी सूचना दाखवतो. कामाच्या घाईत ती सूचना बाजूला सारली जाते. परवानगी सेटिंग्जमध्ये ‘ॲप मॅनेजमेंट’खाली देता येते.

गैरसमज: सॉफ्टवेअर अपडेट केले की प्लगइन आपोआप नव्या आवृत्तीत येतात.

अपडेट करताना ‘जुनी सेटिंग्ज आणा’ असा पर्याय असतो, म्हणून हे खरे वाटते. तो पर्याय तुमच्या पसंती आणतो. दुसऱ्या कंपनीचे प्लगइन आणत नाही. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर दरवर्षीच्या मोठ्या आवृत्तीसाठी नवा, सालाच्या नावाचा फोल्डर करतात आणि जुन्या फोल्डरमधले प्लगइन तिथेच राहते. त्यात क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये ‘जुन्या आवृत्त्या काढून टाका’ ही खूण असेल, तर जुना फोल्डरही जातो. हंगामाच्या तोंडावर ही खूण काढून ठेवावी. जुनी आवृत्ती शेजारी राहू द्यावी आणि नव्या आवृत्तीत प्लगइनची चाचणी झाल्यावरच काम तिकडे न्यावे.

गैरसमज: एम चिपच्या मॅकवर जुने प्लगइन चालतच नाही.

यातला खरा भाग आधी: 32 बिटचे प्लगइन कॅटालिनापासून, म्हणजे 2019 पासून, खरोखर मेले. त्याला कोणताही इलाज नाही. पण 64 बिटच्या इंटेल प्लगइनची गोष्ट निराळी. नोव्हेंबर 2020 मध्ये एम 1 आला, त्याबरोबर इंटेलचा कोड भाषांतर करून चालवणारी रोझेटा 2 आली. मार्च 2021 मध्ये फोटोशॉप नव्या चिपसाठी स्वतंत्र निघाले आणि तेव्हापासून अडचण उभी राहिली. प्लगइन हे वेगळे सॉफ्टवेअर नसते, ते यजमान सॉफ्टवेअरच्या आत शिरून चालते. एकाच चालत्या प्रक्रियेत दोन चिपांचा कोड नांदत नाही. फोटोशॉप नव्या चिपच्या रूपात चालू असेल तर इंटेलचे प्लगइन त्याला दिसतच नाही. चूक सांगणारा संदेशही बहुधा येत नाही. म्हणून ‘मॅकच नवा आहे, चालणार नाही’ ही समजूत पक्की होते.

करायचे ते इतकेच: फोटोशॉप बंद करावे, ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये त्याचे ‘गेट इन्फो’ उघडावे, ‘ओपन यूझिंग रोझेटा’ला खूण करावी आणि पुन्हा सुरू करावे. आत्ता ते कोणत्या रूपात चालले आहे, हे ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’च्या ‘काइंड’ रकान्यात दिसते: ‘ॲपल’ किंवा ‘इंटेल’. वेग काहीसा कमी होईल, पण अडलेले काम निघेल. हा उपाय कायमचा समजू नये. ॲपलने 2025 मध्येच जाहीर केले आहे की रोझेटा सध्याच्या रूपात मॅकओएस 27 पर्यंतच राहील. ज्या प्लगइनवर रोजचा धंदा चालतो त्याची नवी आवृत्ती येणार आहे का, ते कर्त्याला आजच विचारलेले बरे.

गैरसमज: झिप उघडून आतला फोल्डर दिला तरी चालते.

प्रत्येक सॉफ्टवेअरची मागणी वेगळी. ब्लेंडरला ॲड-ऑन बहुधा झिपच्या रूपातच हवे असते, आणि मॅकवर ती झिप हातीच लागत नाही, कारण सफारी उतरवलेली झिप स्वतः उघडते आणि मूळ झिप ट्रॅशमध्ये टाकते. वापरणाऱ्याला वाटते की साइटने फोल्डरच दिला. सफारीच्या सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ विभागात, डाउनलोडनंतर ‘सेफ’ फाइली उघडण्याची खूण काढली की झिप जशीच्या तशी मिळते. याच्या उलट घोळ पेनड्राइव्हचा. एकाने विंडोजवर झिप उघडली, बांधून पुढे दिली, ती मॅकवर आली. मॅकचे प्लगइन दिसायला एक फाइल, पण आतून तो फोल्डर असतो, त्यात शॉर्टकटसारखे दुवे आणि चालवण्याच्या परवानग्या असतात. विंडोजच्या फेरीत त्या गळू शकतात आणि त्याबरोबर सहीही मोडते. मित्राकडून प्रत घेण्यापेक्षा दुवा घ्यावा.

गैरसमज: फिग्माचे प्लगइनही मॅकच्या फोल्डरमध्ये शोधावे लागते.

नाही. प्रकाशित झालेले फिग्मा प्लगइन फिग्माच्या आतून चालते. ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये त्याचा शोध घेऊ नये.

गैरसमज: सगळे करून झाले, आता फॉरमॅट मारल्याशिवाय सुटका नाही.

विंडोजच्या जुन्या सवयीतून हा सल्ला येतो. तिथे रजिस्ट्रीत खोलवर नोंदी साचतात, म्हणून फॉरमॅटने खरोखर फरक पडत असे. मॅकवर डिझाइन सॉफ्टवेअरची बहुतेक प्लगइन फोल्डरमध्ये ठेवलेल्या फाइली असतात. मॅकओएस वरून पुन्हा बसवले तर होममधली लायब्ररी तशीच राहते, म्हणजे बिघाड तिथे असेल तर तोही तसाच राहतो. डिस्क पुसून बसवले तर बिघाड जातो, पण त्याबरोबर फॉन्ट, ब्रश, ॲक्शन्स आणि महिनाभराची मांडामांडही जाते.

त्याआधी पाच मिनिटांची एक परीक्षा आहे. सिस्टिम सेटिंग्जमधून नवा वापरकर्ता तयार करावा, त्याच्या खात्यात जाऊन प्लगइन बसवून पाहावे. तिथे चालले तर मॅक, चिप आणि प्लगइन तिन्ही ठीक आहेत. बिघाड आपल्या खात्याच्या लायब्ररीत किंवा पसंतींच्या फाइलीत आहे. तिथेही नाही चालले, तर शोध सही, आवृत्ती आणि चिपकडे वळवावा. दोन्ही उत्तरांत फॉरमॅटची गरज निघत नाही.

गैरसमज: मराठी अक्षरे तुटतात, कारण मराठीचे प्लगइन बसलेले नाही.

नाशिकच्या पडद्यांवर सगळ्यात जास्त वेळ खाणारा गैरसमज हा असावा, कारण यात लोक मुळात गरजच नसलेले प्लगइन बसवण्यासाठी रात्री घालवतात. समजाला इतिहासाचा आधार आहे. श्रीलिपीसारख्या पॅकेजांबरोबर येणाऱ्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. सॉफ्टवेअरच्या लेखी तो इंग्रजी मजकूरच असे, त्यामुळे जोडाक्षरे जुळवण्याचा प्रश्न त्याच्यापुढे येत नसे. युनिकोड आले आणि जुळवणी सॉफ्टवेअरकडे गेली. सुरुवातीच्या वर्षांत ॲडोबीला ती जमत नव्हती आणि तेव्हा भारतीय लिप्यांसाठी खरोखरच प्लगइन विकत घ्यावे लागे. त्या काळात शिकलेल्या माणसाने नव्या मुलाला ‘मराठीचे प्लगइन टाक’ असे सांगितले, तर तो त्याच्या अनुभवाचेच सांगत असतो.

पण इनडिझाइनमध्ये ही सोय 2012 च्या सीएस 6 पासून आहे. फक्त ती निवडावी लागते: मजकूर निवडून परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’. इलस्ट्रेटरमध्ये पसंतींच्या ‘टाइप’ विभागात ‘इंडिक ऑप्शन्स’ दाखवण्याची खूण असते. फोटोशॉपच्या थोड्या जुन्या आवृत्त्यांत त्याच विभागात टेक्स्ट इंजिन निवडावे लागते आणि निवड पुढच्या नव्या डॉक्युमेंटपासून लागू होते. इथेच अनेक जण फसतात. निवड करतात, उघड्या फाइलीत अक्षरे तशीच तुटलेली दिसतात, ‘यानेही झाले नाही’ म्हणत पुन्हा प्लगइनच्या मागे लागतात.

चूक कुठली, हे ओळखायला नाशिककरांच्या हाताशी उत्तम शब्द आहेत. जुळवणी बंद असेल तर ‘सिंहस्थ’मधली पहिली वेलांटी स च्या आधी न येता नंतर उभी राहते, ‘पर्वणी’चा रफार व वर न चढता सुटा र् होऊन बसतो आणि ‘त्र्यंबकेश्वर’ची सुरुवात त्, र्, य अशा पाय मोडलेल्या तुकड्यांत दिसते. ही सगळी लक्षणे एकाच कंपोझरची आहेत. याउलट अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरीच नाही, आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर जुन्या फॉन्टचा आहे, त्याला युनिकोडमध्ये रूपांतर लागेल. या तिन्हींपैकी एकाही दुखण्यावर प्लगइनचा इन्स्टॉलर हे औषध नाही. नवी आवृत्ती बसवली की पहिल्या कोऱ्या पानावर ‘सिंहस्थ पर्वणी, त्र्यंबकेश्वर’ ही एक ओळ टंकावी आणि तिची पीडीएफ काढून मोठी करून पाहावी. वेलांटी, रफार आणि त्र्य जागच्या जागी असतील, तर त्या मॅकवर मराठीचे काम लगेच सुरू करता येते.